स्पेसवॉकमध्ये सूट फुगला म्हणजे नक्की काय झालं? लेक विचारतीये, मला सांगता येत नाहीये

कर्वेनगरचा_बाबा

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि बाईसाहेबांनी विषय निवडलाय स्पेसवॉक. सुरुवात सुनीता विल्यम्सपासून झाली (९ वेळा बाहेर, एकूण ६२ तास ६ मिनिटं, हे तिला पाढ्यासारखं पाठ आहे), मग मागं मागं जात आम्ही १९६५ ला पोचलो आणि तिथं माझी गाडी बंद पडली. सगळीकडे तेच, पहिला स्पेसवॉक करणारा सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह यानाबाहेर गेला, त्याचा सूट फुगला, मुश्किलीनं आत आला. ती विचारते बाबा फुगला म्हणजे काय, फुगा आहे का तो, आणि फुगणार हे आधी कळलं नव्हतं का त्यांना? मी आपलं "हवा असते ना आत" म्हणून वेळ मारून नेली, त्यावर तिनं जी नजर टाकली ती हुबेहूब तिच्या आईची आहे.

दुसरं म्हणजे, त्यानंतर अमेरिकन लोक पण बाहेर गेले पण १९६६ संपेपर्यंत त्यांना बाहेर धड काम करता येत नव्हतं, दमून परत यायचे असं वाचलं. आता तिथं वजनच नाही तर दमायला काय होतं? उलट तरंगत आरामात व्हायला पाहिजे ना काम? आणि बायकोची शंका वेगळीच, यान ताशी २८,००० किमीनं पळतंय तर दार उघडून बाहेर पडलेला माणूस मागं कसा राहत नाही. कोणी साध्या मराठीत सांगेल का, विकी वगैरेच्या लिंका नकोत, त्या वाचूनच इथं आलोय.

पेठी_पुणेकर

मूळ शब्दच चुकीचा आहे. वॉक कोणीही करत नाही, पायाखाली काही नसतंच. लोंबकळणं म्हणा. बाकी ज्यांना वेळ आहे ते सांगतील.

दुर्बीणवाला

@पेठी, आलात? दुपारी १ ते ४ संपले वाटतं.

बाबा, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक क्रीमरोल, कारण फुगा हाच बरोबर शब्द आहे. सूट बिघडला नव्हता, गळतही नव्हता. माणसाला जिवंत ठेवायचा तर सूटमध्ये दाब पाहिजे, लिओनोव्हच्या सूटमध्ये साधारण ०.४ वातावरण इतका होता, म्हणजे समुद्रसपाटीला आपल्या अंगावर जो असतो त्याच्या ४० टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण बाहेर शून्य आहे, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला ४०० ग्रॅमचा रेटा आतून बाहेर. आता हातमोज्याचं मनगटाजवळचं तोंड ५० चौरस सेंटीमीटर धरा, म्हणजे एकट्या हातमोज्याला कोणीतरी २० किलोनं तुमच्या हातापासून लांब ढकलतंय. तसंच बुटांचं. लिओनोव्हची बोटं हातमोज्यातून आणि पाय बुटातून मागं सरकले, सूट त्याच्यापेक्षा मोठा झाला आणि तो आत सैल पडला. लहानपणी वडिलांचा रेनकोट घातल्यासारखं, फक्त हा रेनकोट लाकडासारखा ताठ.

तारीख १८ मार्च १९६५, यान वोसखोद २, सोबत पावेल बेल्यायेव. यानातली इलेक्ट्रॉनिक्स हवेवर थंड होणारी, त्यामुळे यानातली हवा काढून टाकून दार उघडणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी बाहेरच्या बाजूला एक कापडी नळकांडं लावलं, व्होल्गा नाव त्याचं, उडताना घडी घातलेलं आणि वर गेल्यावर हवा भरून फुगवायचं, लांबी अडीच मीटर आणि आतली रुंदी मीटरभर. त्यातून लिओनोव्ह बाहेर, बेल्यायेव आत. बाहेर १२ मिनिटं ९ सेकंद, दोरी साधारण ५ मीटर. छातीवर कॅमेरा होता आणि त्याचं बटण मांडीवर, आणि सूट इतका ताठ की हात मांडीपर्यंत पोचेना!! म्हणजे ज्या माणसानं पृथ्वी सगळ्यात आधी तशी पाहिली त्याला स्वतःच्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढता आला नाही. चित्रकार होता तो, यानात रंगीत पेन्सिली नेल्या होत्या, आत आल्यावर चित्र काढलं.

मग आत यायची वेळ. ठरलं होतं पाय आधी. पाय जाईनात. हातातून दोरीही नीट गोळा होईना. तेव्हा त्यानं खाली कोणाला न विचारता सूटच्या झडपेतून हवा सोडायला सुरुवात केली, ०.४ वरून जवळपास ०.२५ पर्यंत. यात धोका असा की दाब झटकन उतरला की रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांसारखा बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडल्यावर येतो ना तसा. पण तो बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेत होता म्हणजे नायट्रोजन बराचसा निघून गेला असणार, हा हिशोब त्यानं तिथं लटकत केला. सूट मऊ झाला तसा तो डोकं आधी घालून आत घुसला, आणि मग त्या मीटरभर रुंदीच्या पाइपात उलटा फिरला, कारण बाहेरचं झाकण आता पायाकडे होतं आणि ते नीट लागलंय हे बघायला तोंड तिकडे पाहिजे. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात भयंकर वाटते. सूटमध्ये घाम साचून पाणी हिंदकळत होतं असं त्यानं नंतर सांगितलंय.

टीव्हीवर हे सुरुवातीला लाइव्ह दाखवत होते, घरी त्याची चार वर्षांची मुलगी बघत होती आणि बाबांना आत यायला सांगा म्हणून रडायला लागली. गडबड सुरू झाल्यावर प्रक्षेपण बंद केलं. लोकांना वाटलं सगळं छान झालं.

बायकोच्या शंकेबद्दल: एक्स्प्रेस वेवर शिवनेरीत बसून पेन वर उडवलं तर ते मागच्या सीटवर जात नाही, हातात येतं. खिडकीतून हात बाहेर काढला की मागं ढकलला जातो तो वाऱ्यामुळे. वर वाराच नाही. माणूस आणि यान दोघंही त्याच वेगानं पृथ्वीभोवती पडतायत, दार उघडल्यानं काही बदलत नाही.

कर्वेनगरचा_बाबा

वा, रेनकोट एकदम कळला. तिला वाचून दाखवलं, तिचा लगेच पुढचा प्रश्न, मग परत येताना तरी नीट आले का?

दुर्बीणवाला

नाही हो. स्वयंचलित यंत्रणेनं दगा दिला, मग पुढच्या फेरीत बेल्यायेवनं हातानं यान वळवून इंजिन सुरू केलं. उतरले ते ठरल्या जागेपासून ३८६ किमी लांब, पेर्मच्या जंगलात, कमरेइतक्या बर्फात. दोन रात्री तिथं काढल्या, लांडगे-अस्वलांचा भाग, सुटका करणारं हेलिकॉप्टर उतरायला जागा नाही म्हणून शेवटी स्की लावून गेले त्याच्यापर्यंत. पुढं सोव्हिएत यानांत तीन नळ्यांची खास बंदूक ठेवायला लागले त्यामागं हा अनुभव आहे.

भोसरी_शॉपफ्लोअर

दमायला काय होतं याचं उत्तर मी देतो, हा आमचा विषय आहे, मी टूलरूममध्ये २२ वर्षं आहे.

बरीच वर्षं झाली, एका कारखान्यात होतो तेव्हा मशीनखाली कूलंट सांडलेलं आणि नवीन पोरगा लांब पाना लावून बोल्ट आवळतोय. बोल्ट जागचा हलला नाही, पोरगं मात्र पान्याभोवती फिरून बुडावर. सगळे हसले, तोही हसला, पण बघा काय झालं, आपण पाना फिरवतो तेव्हा खरं काम पाय करतात, फरशीला धरून ठेवायचं. फरशीनं साथ सोडली की बोल्ट तुम्हाला फिरवतो. वर फरशीच नाही. खोटं वाटत असेल तर ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसा आणि टेबलाला पक्कं बसवलेलं काहीतरी गोल पिळायचा प्रयत्न करा, खुर्ची उलटी फिरेल.

आता अमेरिकन लोकांचं. पहिला एड व्हाइट, ३ जून १९६५, यान जेमिनी ४. त्यांच्याकडे पाइप-बिइप काही नाही, दोघांनी सूट घालायचे, अख्ख्या केबिनची हवा काढायची आणि दार उघडायचं, म्हणजे आत बसलेला जेम्स मॅकडिव्हिट पण पोकळीतच. व्हाइटच्या हातात ऑक्सिजन सोडणारी पिचकारी होती, तिनं इकडे तिकडे जायचं, तीनेक मिनिटांत टाकी संपली. मग दोरी ओढून फिरला. साधारण वीस मिनिटं झाली आणि खालून आत जा म्हणाले तर हा म्हणतो माझ्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा क्षण. काम काही नव्हतं ना त्याला! फिरायला गेला होता, त्यामुळे सगळ्यांची समजूत अशी झाली की सोपं आहे हे. खरं तर आत आल्यावर दार लागेना, दोघांनी झटापट करून लावलं, तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं.

मग जून १९६६ मध्ये जेमिनी ९ चा जीन सर्नन. याला काम दिलं की यानाच्या पाठीमागं जायचं, तिथं ठेवलेली जेटची पाठपिशवी पाठीला लावायची आणि उडायचं. त्या जेटमधून गरम वाफ निघणार म्हणून सूटच्या पायांना स्टीलच्या तारेनं विणलेलं कापड लावलं, आधीच ताठ त्यात हे. मागं गेला तर धरायला धड काही नाही, पाय अडकवायला जे दिलं होतं ते पुरेना, एक झडप फिरवायची तर स्वतःच फिरतोय, एका हातानं स्वतःला धरायचं आणि दुसऱ्यानं काम, आणि प्रत्येक वेळी कोपर वाकवायचं म्हणजे सूटशी कुस्ती. नाडी १८० च्या आसपास. सूट थंड करायला आत नुसता वायू फिरवत होते, एवढा घाम त्याला झेपेना, हेल्मेटची काच आतून धुरकटली, समोरचं दिसेना, नाकानं घासून घासून एक भोक पाडलं बघायला. दोन तासांनंतर पिशवी न लावताच परत आला. बरं झालं, आंधळा माणूस जेट लावून उडणार होता.

जेमिनी १० चा मायकल कॉलिन्स दुसऱ्या एका बिनमाणसाच्या रॉकेटपाशी गेला, अजेना म्हणतात ते, त्याची कड गुळगुळीत, धरली आणि घसरून निघून गेला, परत आला, त्यावरची धुळीचे कण पकडायची पेटी आणली आणि त्या गडबडीत कॅमेरा हरवला. जेमिनी ११ चा डिक गॉर्डन यानाच्या नाकावर घोड्यासारखा मांड टाकून बसला एक दोरी बांधायला, अर्ध्या तासात घामानं डोळे चुरचुरून दिसेनासं झालं, आत बोलावलं. मला याच्यात गंमत अशी वाटते की हे सगळे पायलट, तगडे गडी, आणि प्रत्येक वेळी वाटायचं माणूस कमी पडला. माणूस नाही, फिक्स्चर (काम करताना घट्ट धरून ठेवणारं साधन) कमी पडत होतं. आमच्याकडे पण असंच, जॉब हलला की ऑपरेटरला शिव्या.

औंधची_मावशी

@भोसरी भारी लिहिलंय. मग जमलं कसं ते पण सांगा की, मध्येच सोडू नका, मी कुकर लावून वाचतीये.

भोसरी_शॉपफ्लोअर

शिफ्टला निघालो होतो म्हणून थांबलो. जमलं ते पोहण्याच्या तलावात.

बझ ऑल्ड्रिन, जेमिनी १२, नोव्हेंबर १९६६. त्याआधी तो सूट घालून बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या तलावात उतरला, सूटला शिसं लावून असं वजन करायचं की वरही येत नाही खालीही जात नाही, आणि यानाचा नमुना पाण्यात ठेवून सगळी कामं तिथं करून बघायची. टिळक तलावावर पोहणाऱ्यांना कळेल, खोल पाण्यात भिंतीला ढकललं की भिंत जात नाही आपण जातो. विमानात वजनरहित अवस्था मिळायची ती अर्ध्या मिनिटाची, तेवढ्यात माणूस कुठं दमतो हे कळतच नाही, तलावात तासभर राहता येतं.

आणि यानावर पाय अडकवायला पक्के साचे बसवले, सोनेरी रंगाचे होते म्हणून सोनेरी सपाता म्हणायचे, कमरेला दोन आखूड पट्टे, जागोजागी कठडे. शिवाय मध्ये मध्ये दोन दोन मिनिटं नुसतं थांबायचं असं वेळापत्रकातच लिहिलेलं. ऑल्ड्रिननं बोल्ट फिरवले, कनेक्टर लावले काढले, तीन खेपा मिळून साडेपाच तास, आणि धाप नाही. कोणी म्हणेल नशीबवान होता. नशीब नव्हतं, दोन्ही हात मोकळे होते.

घामाचा प्रश्न मात्र सूटच बदलून सुटला, अंगालगत बारीक नळ्यांचं बनियन आणि त्यातून पाणी, अपोलोच्या वेळी. आजही तीच पद्धत आहे.

दुर्बीणवाला

यात एक भर. पाणी थोडं फसवतं पण. पाण्यात हात हलवला की पाणी अडवतं, म्हणजे चुकून ढकललं तर तुम्ही थोड्या वेळात थांबता, वर थांबतच नाही. आणि पाण्यात सूट तरंगतो, आतला माणूस नाही, उलटा केला की रक्त डोक्यात येतंच.

आणि रशियन लोकांना विसरू नका. १६ जानेवारी १९६९ ला सोयूझ ५ मधले येलिसेयेव आणि ख्रुनोव बाहेरून सरकत सोयूझ ४ मध्ये गेले, उडाले एका यानातून आणि उतरले दुसऱ्यातून. त्यांनी शेजारच्या यानातल्या शातालोवसाठी पत्रं आणि पेपर नेले होते, पेपरात त्याच्याच उड्डाणाची बातमी. हवेची पेटी पाठीवर न लावता पायाला बांधली होती, दारात अडकू नये म्हणून. लिओनोव्हच्या चार वर्षांनंतर दाराचं गणित डोक्यात पक्कं बसलेलं दिसतं.

औंधची_मावशी

आपल्या राकेश शर्मांनी केला होता का स्पेसवॉक? माझ्या भाच्याशी पैज लागलीये.

पेठी_पुणेकर

नाही. पैज हरलात. शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर होते, आठ दिवसांच्या मोहिमेत बाहेर पडण्याचं काम नव्हतं. त्याच सॅल्यूत ७ मधून २५ जुलै १९८४ ला स्वेतलाना सावित्स्काया बाहेर आली, स्पेसवॉक करणारी पहिली स्त्री, साडेतीन तास, आणि ती धातू कापायला आणि वेल्डिंग करायला गेली होती, फिरायला नाही. भोसरीकरांनी नोंद घ्यावी. राकेश शर्मा एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याचे, म्हणजे आपलेच, एवढं समाधान माना.

भोसरी_शॉपफ्लोअर

वेल्डिंग!! घेतली नोंद, उद्या आमच्या वेल्डरला सांगतो, तो खाली फरशीवर बसूनच कुरकुर करतो.

औंधची_मावशी

गेले ५०० रुपये. असो. बाबा, मुलीला प्रदर्शनासाठी सोपी आयडिया देते, भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा, तोंडानं फुगवून गाठ मारायची आणि लोकांना म्हणायचं वाकवा आता बोट. वाकवलं की परत ताठ. आणि फुगलेला मोजा आपल्या हाताशेजारी धरायचा, बोटं किती लांब झाली ते दिसतं.

पेठी_पुणेकर

कल्पना बरी आहे पण चूक आहे. रबर ताणतं, सूट तेवढा ताणत नाही, वरून न ताणणाऱ्या कापडाचा थर असतो. मुलीला एखाद्या परीक्षकानं विचारलं तर अडकेल. सायकलची नुसती ट्यूब फुगवा, ती वेडीवाकडी मोठी होते. तीच टायरच्या आत घालून फुगवा, मोठी होत नाही पण टायर दगड होतो, आता हातानं वाकवून दाखवा म्हणावं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. लिओनोव्हचा सूट दुसऱ्या प्रकारातला, थोडा पहिल्यातला. पुण्यात घरटी एक जुनी सायकल माळ्यावर असतेच.

दुर्बीणवाला

पेठी, हे मात्र मान्य करायला पाहिजे, मस्त आहे हे. बाबा, वेळ मिळाला तर तिला आयुकाच्या (विद्यापीठातली खगोलशास्त्राची संस्था) दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला पण न्या, शाळेच्या पोरांसाठीच असतात.

कर्वेनगरचा_बाबा

अपडेट देतो. माळ्यावरून माझी कॉलेजची सायकल काढली, ट्यूबला तीन पंक्चर, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी विचारलं कशाला पाहिजे, सांगितलं तर त्यांनी पैसेच घेतले नाहीत आणि वर म्हणाले हवा कमी केली की टायर रिममध्ये सहज जातो, आम्ही रोज करतो. लेक माझ्याकडे बघायला लागली, म्हणाली बाबा हेच केलं ना त्यानं, झडपेतून हवा सोडून? काकांना लिओनोव्हची गोष्ट तिनंच सांगितली मग तिथं उभी राहून, दुकानावर एक ग्राहक थांबलेला तो पण ऐकत होता.

रबरी मोजा पण केला, पेठींची माफी मागून. ती फुगलेला मोजा हातावर ठेवून बघते तर तिच्या बोटांपेक्षा दीड पेर लांब. मग साध्या मोज्यातच बोटांच्या टोकाला कापूस कोंबून तिनं टेबलावरचं १० चं नाणं उचलायचा प्रयत्न केला, चार मिनिटं लागली, आजी म्हणाली माझी संधिवाताची बोटं बरी. आजीचं वाक्य तक्त्यावर लिहायचं का यावर सध्या घरात वाद चालू आहे.

घरातले दोन्ही मोजे फुटलेत. आज भांडी माझ्याकडे आहेत.